मोडलेल्या भाकरीचं उत्तर

धंद्यात बोलावं कसं आणि लिहावं कसं हे मी शिकवते, असं सांगितलं की समोरचा आधी हसतो. मग विचारतो, "म्हणजे इंग्लिश स्पीकिंग का?" मी नाही म्हणते. मग तो जरा थांबून म्हणतो, "म्हणजे बोलायला शिकायचे पैसे देतात लोक?" देतात. सोलापुरात देतात, हे जास्त नवल. आमच्याकडं बोलणं फुकट आणि भरपूर मिळतं. चहाच्या टपरीवर, रिक्षात, दवाखान्याच्या रांगेत, कुठंही. तरी नव्या पेठेत शिंप्याच्या दुकानावरच्या माझ्या खोलीत संध्याकाळी बाकं भरतात. चादरवाले येतात, बेकरीवाले येतात, पापड-लोणच्याच्या बायका येतात. आता वय झालं, वर्ग मी निम्म्यावर आणलाय, पण बंद करवत नाही. इतकी वर्षं झाली तरी या कामाचं मला वाटणारं आश्चर्य काही कमी होत नाही. एक माणूस इथं एक वाक्य बोलतो आणि तिकडं चेन्नईच्या रस्त्यावर एक ट्रक वळतो. यात काय मोठंसं, असं ज्याला वाटतं त्याला खुशाल वाटू दे. माझ्या अंगावर अजून काटा येतो.

मी मूळची पूर्व भागातली, विणकराच्या घरातली. घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत दखनी आणि पुढं नोकरीत इंग्रजी. भाषा चार, पण बोलायची पट्टी एकच, वरची. घरात यंत्रमाग चालू असताना हळू बोलून भागत नाही. भूक लागली हेसुद्धा आम्ही ओरडून सांगायचो, नाहीतर हातानं खुणा करायचो. टॉवेलच्या कारखान्यात पत्रव्यवहार बघायला लागले तेव्हा पहिलाच फोन मी असा घेतला की आमचे मॅनेजर केबिनमधून बाहेर आले. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. अण्णा शांतपणे म्हणाले, "बाई, तुम्ही फोन ठेवून दिलात तरी चालेल. हैदराबादला असंच ऐकू जातंय." सगळं ऑफिस हसलं. मीही हसले, आणि मग मोरीत जाऊन रडून घेतलं.

त्याच अण्णांनी मला दोन गोष्टी शिकवल्या आणि त्यांच्यावर मी आजवर जगले. पहिली अशी की फोन उचलण्याआधी आपल्याला काय हवंय ते एका वाक्यात स्वतःला सांगायचं. सांगता आलं नाही तर फोन करायचा नाही. दुसरी अशी की समोरचा बोलून थांबला की त्याचंच बोलणं त्याला परत म्हणून दाखवायचं. आपल्या पदरचं काही घालायचं नाही, त्याचं काही गाळायचं नाही. "तुम्ही असं म्हणालात, बरोबर ना?" इतकंच विचारायचं. ही दुसरी गोष्ट मला तेव्हा पोरखेळ वाटली होती.

मग एकदा कोचीच्या एका हॉटेलवाल्याचा फोन आला. माणूस इतका तापलेला की रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागत होता. टॉवेलचा रंग दोन धुण्यांत गेला, आमच्या पांढऱ्या चादरींना निळे डाग पडले, तुम्ही सोलापूरवाले सगळे सारखेच, असं बरंच काही. त्याचा दम संपल्यावर मी माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हटलं, "सर, मी परत म्हणून दाखवते. चुकलं तर सांगा." आणि सांगत गेले. तुम्ही आमच्याकडून निळे टॉवेल घेतलेत, ते दोनदा धुतलेत, त्यांचा रंग चादरींना लागला. पलीकडं कागद चाळल्याची सळसळ. मग आवाज आला, "एक मिनिट. निळे टॉवेल तुमचे होते का?" नव्हते. आमच्याकडून त्यानं फक्त पांढरे घेतले होते. तोवर तो जे ओरडत होता ते त्याला स्वतःलाच ऐकू येत नव्हतं. माझ्या तोंडून आलं तेव्हा ऐकू आलं. फोन ठेवला आणि किती तरी वेळ मी त्या काळ्या यंत्राकडं बघत बसले. मी काहीसुद्धा केलं नव्हतं. अण्णांना हे सांगायचं राहूनच गेलं. कारखाना बंद पडला, ते मुलाकडं गेले आणि तिकडंच वारले.

कारखान्यानंतर वर्ग सुरू केला. त्यात एकेक नमुने भेटले. एक चादरीचे व्यापारी होते, त्यांच्या पत्रात सगळं असायचं. घरच्यांची चौकशी, सणाच्या शुभेच्छा, पावसापाण्याची हकिगत, आणि अगदी खाली, सहीच्या वर, "बाकी सर्व कुशल. माल पंधरा दिवस उशिरा येईल." गिऱ्हाईक तिथपर्यंत वाचतच नसे. मग ट्रान्सपोर्टवाले रियाजभाई. माणूस सोन्यासारखा, पण त्यांना फोन संपवता येत नसे. काम झालं तरी "और सुनाओ" म्हणत बसायचे आणि तिकडं ट्रक उभा. मी रागावले की म्हणायचे, "मॅडम, फोन रखना म्हणजे पाहुण्याच्या तोंडावर दार लावल्यासारखं वाटतंय हो." त्यांना फोन ठेवायला शिकवण्यात माझा एक अख्खा पावसाळा गेला.

पण मला सांगायचंय ते महानंदा अक्कांचं.

अक्का सोलापूरजवळच्या मंद्रूपच्या. वय पन्नाशीच्या पुढं, घरात कन्नड, बाहेर आपली मराठी. त्यांचा धंदा कडक भाकरीचा. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, ही ज्वारीची भाकरी पापडासारखी पातळ थापतात, तव्यावर भाजतात आणि मग धगीवर अशी वाळवतात की ती महिनोन्महिने टिकते. दही, शेंगाचटणी आणि ही भाकरी असली की आमच्याकडं दुसरं काही लागत नाही. अक्कांनी घरामागं पत्र्याची शेड घातली होती आणि गावातल्या दहा-बारा बायका तिथं कामाला येत. या बायका आधी दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायच्या. अक्का एकेकीच्या दारात जाऊन म्हणाल्या होत्या, "उन्हात खुरपू नगा. माज्याकडं सावलीला बसा, बारा म्हैने काम देते." त्या शब्दावर बायका आल्या होत्या. आणि त्यांनी थापलेल्या बहुतेक भाकऱ्या पुण्याच्या एकाच मोठ्या दुकानाला जात होत्या.

अक्का सुनेला घेऊन माझा जिना चढून आल्या, बाकावर बसल्या आणि पदरानं कपाळ पुसलं. सुनेचं नाव सविता. तिनं फोन माझ्यापुढं धरला. पुण्याच्या दुकानातल्या केतकी मॅडम खरेदी बघत. त्यांचे एकामागून एक तीन मेल आले होते. पहिल्यात लिहिलं होतं की काही भाकऱ्या मोडून आल्या, काय झालं ते कळवा. दुसऱ्यात, यावेळी जास्त मोडल्या, कळवा. तिसऱ्यात, निम्मा माल चुरा आहे आणि तुमच्याकडून उत्तर नाही. गुरुवारी सोलापूरला येतेय, समक्ष बोलू, पटलं नाही तर पुढल्या महिन्यापासून दुसरीकडून घेऊ.

"अक्का, पहिल्या मेलला उत्तर काय दिलंत?"

"दिलं की. पाकिटाला दोन-दोन भाकरी जादा घातल्या."

"तसं नाही. कळवलंत काय?"

अक्कांनी माझ्याकडं जरा नवलानं बघितलं. "कळवायचं काय त्यात? खाणाऱ्यानं नाव ठिवलं तर उलट बोलू न्हाय. गप ताटात वाढावं. सासूबाईंनी ह्येच शिकवलंय आमाला."

मला हसू आलं नाही, कारण माझ्या आईचंही हेच होतं. आमटी आंबट झाली असं वडील म्हणाले की आई काही बोलायची नाही, गुपचूप तुपाची धार वाढायची. खाणाऱ्याला उत्तर देणं हा उद्धटपणा, हे आमच्या बायकांच्या हाडात मुरलेलं असतं. तीन तक्रारी आल्या आणि अक्कांनी तिन्हींना उत्तर दिलं होतं, मनापासून, पदरचं घालून. फक्त ते उत्तर आहे हे पुण्यात कुणाला कळलं नव्हतं.

सविता शिकलेली पोरगी. तिनं फोनलाच सांगून एक इंग्रजी पत्र तयार करून आणलं होतं. आता फोन पत्रं लिहून देतो, आम्हा म्हाताऱ्यांच्या पोटावर पाय. पत्र झकास होतं. आम्हाला आपल्या समाधानाची किती कदर आहे, गुणवत्तेशी आमची बांधिलकी किती अतूट आहे, सगळं होतं. मी म्हटलं, "सविता, छान आहे ग. पण हेच पत्र बुटाच्या कारखान्यालाही चालेल. यात भाकरी कुठंय?" सविता लाजली. अक्का म्हणाल्या, "मी बी त्येच म्हनत होते."

तक्रारीच्या उत्तराला माझ्याकडं साधा क्रम आहे. काय झालं, का झालं, आपण काय केलं आणि इथून पुढं काय करणार. अक्का "का झालं" पाशी अडून बसल्या. म्हणाल्या, "कारण सांगणं म्हंजे निमित्त सांगणं की म्याडम. ते मला जमायचं न्हाय."

मी म्हटलं, "अक्का, पाहुणा समोर बसलेला असला की त्याला तुमचं वाढणं दिसतं, तुमचा चेहरा दिसतो. पुण्याच्या बाईंना ताट दिसत नाही. त्यांना पेटी दिसते आणि न आलेलं उत्तर दिसतं."

त्यांना ते पटलं की नाही कळेना. मग मी म्हटलं, उत्तराचं राहू द्या, झालं काय ते मला नुसतं सांगा. त्यांनी सुरुवात ज्वारीच्या पेरणीपासून केली. मधे नणंदेचं बाळंतपण आलं, गॅसच्या सिलिंडरचं आलं. मी मधे तोंड घातलं नाही. संपल्यावर मी अण्णांची जुनी रीत काढली. म्हटलं, "आता मी परत म्हणून दाखवते. चुकलं तर सांगा. पहिल्यांदा पेटीत थोड्या भाकऱ्या मोडल्या. तक्रार आली म्हणून तुम्ही पाकिटाला दोन-दोन जास्त घातल्या."

"व्हय."

"पेटी तेवढीच. जागा पुरेना म्हणून भोवतीचं कागदाचं कातरण थोडं काढलंत. दुसऱ्यांदा जास्त मोडल्या. म्हणून तुम्ही अजून जास्त घातल्या. कातरण सगळंच काढलंत आणि पेटी सुतळीनं आवळून बांधलीत. तिसऱ्यांदा निम्म्या..."

"थांबा म्याडम."

अक्कांनी हात वर केला होता. मग त्यांनी दोन्ही तळवे बाकावर समोरासमोर धरले, मधे पेटी असावी तसे, आणि ते हळूहळू जवळ आणत गेल्या. तळवे टेकले. खाली शिंप्याचं मशीन चालू होतं तेवढाच आवाज.

"अय्यो शिवा," त्या हळूच म्हणाल्या. "म्हंजे मीच मोडल्या की."

खरं सांगते, ते मलाही तोवर दिसलं नव्हतं. मी शब्द परत म्हणत होते, अर्थाकडं माझं लक्षच नव्हतं. या बाईनं माफी मागायची म्हणून जेवढं जास्त दिलं तेवढंच जास्त मोडलं होतं, आणि ते तिचं तिला तिच्याच शब्दांतून कळलं. कोचीच्या फोननंतर इतक्या वर्षांनी मी पुन्हा तशीच थक्क होऊन बसले. डोळे भरून आले, आणि ते पुसायला मी खिडकीकडं उठून गेले.

गुरुवारसाठी आम्ही तयारी केली. अट एकच होती, मुद्दा पहिल्या वाक्यात. पेरणी नाही, नणंद नाही. अक्का दरवेळी लांबून सुरुवात करायच्या, मी दरवेळी थांबवायची. शेवटी एकदाचं जमलं. मग त्या म्हणाल्या, "पुन्याच्या म्याडमला सांगंन मी. पन बायका बसत्यात की तितं. माज्या शब्दावर आल्यात त्या. त्यांच्यादेखत म्हनायचं व्हय, काम मीच घालवलं म्हनून?"

"बायकांना तेवढा वेळ बाहेर पाठवा," मी सुचवलं.

अक्कांनी बराच विचार केला. "न्हाय," त्या म्हणाल्या. "पेट्या त्याच भरत्यात. त्यास्नी बी कळू दे."

गुरुवारी मीही मंद्रूपला गेले. जाण्याचं कारण नव्हतं, पण राहवलं नाही. केतकी मॅडम तिशीच्या आतल्या, चटपटीत, उन्हानं लाल झालेल्या. शेडमध्ये बायका थापत होत्या, त्या थापथापीत त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. त्यांनी पर्समधून फोन काढला आणि मोडक्या भाकऱ्यांचे फोटो दाखवायला सुरुवात केली. अक्का उभ्याच होत्या. त्यांची नजर एकदा माझ्याकडं आली. बोलायला माझी जीभ शिवशिवत होती, पण मी ओठ दाबून भिंतीकडं बघितलं. तीस वर्षं लोकांना बोलायला शिकवणाऱ्या बाईला गप्प राहणं किती जड जातं ते मला त्या दिवशी कळलं.

"म्याडम," अक्का म्हणाल्या, "तुमच्या भाकरी रस्त्यात मोडल्या न्हाईत. मी मोडल्या."

थापथाप थांबली. सगळ्या बायकांचे हात पिठात तसेच राहिले.

"पयल्या बारीला थोड्या मोडल्या. तुमी लिवलं. मी उत्तर दिलं न्हाय, भाकरी जादा घातल्या. जागा व्हावी म्हनून कागद काढले. जेवड्या जादा घातल्या तेवड्या जादा मोडल्या. ह्या बायकांची चूक न्हाय, त्यास्नी मीच सांगितलेलं. आता पेटीत ठरल्यात तेवड्याच भाकरी, आन भवतीनं कागद. आन तुमी लिवलं की त्याच दिवशी माजं उत्तर यील."

एवढं बोलून त्या थांबल्या. मी त्यांना शिकवलं होतं त्यातलं एक वाक्य त्यांनी गाळलं होतं, आपली माफी मागते हे. पण ते कुणाला कमी पडलं नाही.

केतकी मॅडमनी फोन मांडीवर ठेवला. "त्या जास्तीच्या भाकऱ्या," त्या म्हणाल्या, "आमच्या गोदामात वाटायचं तुमची मोजणीच चुकते. मी तीनदा लिहिलं अक्का. मला वाटलं, इकडं माझं कुणी वाचतच नाही."

"वाचत हुतो की," अक्का म्हणाल्या. "दर बारीला वाचून, तुमच्या नावानं भाकरी थापत हुतो."

 त्या मुलीनं खाली बघितलं, घोटभर पाणी प्यायलं. मग म्हणाली, एक पेटी माझ्यासमोर भरा. बायकांनी कागद घालून पेटी भरली. केतकी मॅडमनी ती उचलली आणि कमरेच्या उंचीवरून सरळ खाली टाकली. शेडमधल्या बायका पुढं वाकल्या. उघडून बघितलं तर वरची एक भाकरी तडकलेली, बाकी सगळ्या साबूत. "एक महिना बघू," त्या म्हणाल्या. "लिहून कळवते." त्याहून जास्त कबूल केलं नाही. तिच्या जागी मीही केलं नसतं.

गाडी गेली. अक्का बायकांकडं पाठ करून पेटीची सुतळी गुंडाळत राहिल्या.  शेवटी सगळ्यांत म्हाताऱ्या होत्या त्या शांताबाई म्हणाल्या, "अक्का, पीठ वाळालंय. थापू का आता?"

"थापा की," अक्का म्हणाल्या, आणि थापथाप पुन्हा सुरू झाली. मी इतक्या सभा-समारंभांत भाषणं ऐकली आहेत, शिकवलीही आहेत. शांताबाईंच्या त्या एका प्रश्नाइतकं पूर्ण उत्तर मी दुसरीकडं ऐकलेलं नाही.

महिना सरला तेव्हा बाजाराच्या दिवशी अक्कांनी मला मंद्रूपला जेवायला बोलावलं. मी पोचले आणि थोड्याच वेळात सविता फोन घेऊन धावत आली. पुण्याचा मेल होता. सगळा माल नीट पोचला, पुढंही तुमच्याकडूनच घेऊ. सवितानं तो बायकांना मोठ्यानं वाचून दाखवला. शांताबाईंनी परत वाचायला लावला.

अक्कांनी ढिगावरच्या दोन भाकऱ्या उचलल्या आणि पुण्याला जायच्या उघड्या पेटीकडं वळल्या. पेटीच्या तोंडाशी हात गेला आणि तिथंच थांबला. मी बघत होते. त्यांनी पेटीकडं बघितलं, कातरणाकडं बघितलं, आणि हात मागं घेतला. भाकऱ्या तशाच डाव्या हातात धरून त्यांनी सविताकडून फोन घेतला. एका बोटानं, अक्षर शोधून शोधून, त्यांनी स्वतः लिहिलं, "तुमचं वाचलं. बायकांना वाचून दाखवलं. सगळ्यांना बरं वाटलं." मला न दाखवताच पाठवूनही दिलं.

मग त्या माझ्याजवळ आल्या आणि हातातल्या दोन्ही भाकऱ्या माझ्या ताटात वाढल्या.

"अक्का, मला काही लिहून कळवायचं नाही वाटतं?" मी म्हटलं.

"तुमाला कशाला?" त्या म्हणाल्या. "तुमी तर समोर बसलायसा. जेवा."